दोघं आत, एक बाहेर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. असले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय याचा माझा मलाच राग येतोय. पण या प्रकरणाने इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंय... आता थोडं तुमचंही खाऊ दे.

१९८५-८६च्या आसपासची गोष्ट. मी मुलुंडला राहायचो, बँकेत कारकून होतो. सुधीर माझा शाळेपासूनचा मित्र, मागच्याच चाळीतला, मूळचा मालवणकडचा. दोघांनाही पक्ष्यांचं वेड — त्याला बघायचं, मला फोटो काढायचं. मुलुंड पश्चिमेला वस्ती संपली की डोंगर सुरू होतो आणि तो तसाच नॅशनल पार्कच्या जंगलात शिरतो. त्या उन्हाळ्यात तिथल्या एका ओढ्याकाठी सुधीरला सर्पगरुडाचं घरटं सापडलं. झाड उंच, पण खाली घळीत. त्यामुळे समोरच्या उतारावर बसलं की घरटं अगदी डोळ्यासमोर. आत एकच पिल्लू, कापसाच्या बोळ्यासारखं. आई त्याला भरवतेय — हा एक फोटो मला हवा होता. जूनमध्ये माझी विदर्भात बदली होणार होती, ऑर्डर हातात पडली होती. म्हणजे जे काही करायचं ते याच मोसमात.

रीतसर परवानगी काढली आणि उतारावर बांबू-गोणपाटाचं लपण उभं केलं. लपण म्हणजे पक्ष्याला दिसू नये म्हणून आत बसायची खोपी, दोन माणसं गुडघे जुळवून बसतील एवढी. पक्षी बुजू नये म्हणून ती रोज थोडी थोडी पुढे सरकवत नेली.

लपणात बसायची एक रीत असते. एकट्याने शिरायचं नाही, कारण पक्षी कुठून तरी बघत असतो. दोघांनी आत जायचं आणि मग एकाने उघडपणे बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणूस गेला, जागा रिकामी झाली. ही युक्ती आम्ही कितीतरी पक्ष्यांवर वापरली होती आणि ती कधीच फसली नव्हती.

पहिल्या दिवशी सुधीर मला आत बसवून निघून गेला. थोड्या वेळाने मादी आली, पायात साप लोंबतोय. समोरच्या फांदीवर बसली. मी बोट बटणावर ठेवून तयार. आता उतरेल, मग उतरेल... ती आपली लपणाकडे बघत बसलेली. बरं, लेन्सकडे बघत असती तर मी समजून घेतलं असतं. ती बघत होती माझ्या डावीकडे, मघाशी सुधीर बसला होता त्या जागेकडे. पिवळेजर्द डोळे, तुरा फुललेला. पिल्लू ओरडून ओरडून बेजार झालं, पण ही ढिम्म. शेवटी साप घेऊन तशीच उडून गेली.

दुसऱ्या दिवशी तेच, त्यानंतरही तेच. वैतागून मी डावीकडे सरकून बसलो, तर ती उजवीकडे बघायला लागली... रिकाम्या जागेकडे. सुधीर म्हणाला, गोणपाट वाऱ्याने हलत असेल. ते दगड बांधून ताणलं. लेन्सला काळं फडकं गुंडाळलं. साबणाचा वास नको म्हणून न धुतलेला शर्ट घालून गेलो, त्यावरून घरी बोलणी खाल्ली. उपयोग शून्य. रजा संपत आलेली, लेन्स उसनी आणलेली, तिचा मालक रोज निरोप पाठवतोय. डोक्याची पार मंडई झाली होती.

मग सुधीरने डोकं लढवलं. एका सकाळी आम्ही लपणापाशी गेलोच नाही, पलीकडच्या डोंगराच्या धारेवरून दुर्बिणीने बघत बसलो. लपण जागच्या जागी होतं. मादी आली आणि पिल्लाला झकास भरवून गेली. म्हणजे तिचं लपणाशी काही वैर नव्हतं. मग आम्ही दोघं जाऊन लपणात शिरलो, दोघंही बाहेर पडलो आणि परत धारेवर येऊन बसलो. लपण आता रिकामं. मादी आली... आणि फांदीवर बसून राहिली. बराच वेळ दुर्बीण सुधीरच्या डोळ्यांना होती. मग ती माझ्या हातात देत तो म्हणाला, "यार, आपण दोघंच गेलो होतो ना आत?"

मी भडकलो. म्हटलं, पक्ष्याला मोजता येत नाही, तुला तरी येतं ना. सुधीरच्या आईच्या कानावर हे गेलं, तर त्या म्हणाल्या, जागेचा राखणदार असेल, नारळ ठेवा. मी साफ नाही म्हटलं. सुधीरने मात्र अट घातली: पिल्लाचे हाल होतायत, उद्या तिने भरवलं नाही तर दुपारी लपण मोडायचं. पटत नव्हतं, तरी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आत शिरलो. मी कॅमेरा लावला. सुधीर बाहेर पडला, पण गोणपाट वर धरून तसाच उभा राहिला, आतून आणखी कुणी यायचं असल्यासारखा. मग हळू आवाजात म्हणाला, "चला, तुम्ही माझ्याबरोबर या. ह्याला त्याचं काम करू दे."

गोणपाट सोडून तो पाऊलवाटेने निघाला. शेजारी जागा ठेवून, तिकडे मान वळवून बोलत. उन्हाचं, आईच्या गुडघ्यांचं, काय वाट्टेल ते. मला हसूही आलं आणि संतापही. म्हटलं, हा काय तमाशा लावलाय.

त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला आणि मादी आली. फांदीवर टेकलीसुद्धा नाही, थेट घरट्यात उतरली. सापाचे लचके तोडून पिल्लाच्या चोचीत द्यायला लागली. मी अख्खा रोल संपवला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी सुधीरने लांबूनच हाक मारली, आत काही आला नाही. मी आनंदाने बडबडत होतो, तो नुसता हं-हं करत होता. शेवटी विचारलं, झालंय काय तुला.

"ओढ्यापर्यंत मी उगाच बोलत होतो रे, तिला फसवायला," तो म्हणाला. "ओढ्यावर नर बसला होता. एकदम जवळ. मी चालत होतो तशी त्याची मान वळत होती. पण माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता."

"मग?"

"मग काय, मी बोलत राहिलो."

फोटो अप्रतिम आला. मी बदलीच्या गावी गेलो. तिथे ज्याला त्याला हे सांगितलं — कुणी वास म्हणालं, कुणी योगायोग, कुणी उन्हाचा परिणाम. एकही गोष्ट सगळ्याला लागू पडत नाही. सुधीरच्या आईला पत्रातून विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं, "राखणदार आपली जागा सोडून खंयच जाणा नाय." कुठेच जात नाही म्हणे, आणि हा तर सुधीरबरोबर चालत गेला होता. म्हणजे ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याकडेही उत्तर नाही. करायचं काय माणसाने?

दोन-तीन वर्षांनी परत आलो, तेव्हा सुधीर बोरिवलीला, पार्काच्या कडेलाच राहत होता. जंगलात जाणं त्याने सोडलं होतं. म्हणाला, गेलो तरी काही दिसत नाही. त्याच्या गॅलरीत वाटीभर बाजरी ठेवलेली होती. शेजारच्या गॅलऱ्यांत कबुतरांनी उच्छाद मांडलेला, चिमण्यांची भांडणं चाललेली, आणि ह्याचा कठडा स्वच्छ. शेजारी त्याला विचारायचे म्हणे, कसलं औषध मारता. आम्ही पडद्याआड न हलता बसून राहिलो. एक चिमणी फिरकली नाही. पक्ष्यांसाठी जीव टाकणारा हा माणूस... मला बघवेना.

"तू जरा खाली जाऊन येशील?" सुधीर माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण नुसता जाऊ नको. बोलत जा."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी दार उघडून धरलं, "चला" म्हटलं आणि जिना उतरायला लागलो. बँकेतल्या कटकटी सांगत, येड्यासारखा. रस्त्यावर येऊन वर पाहिलं. सुधीरच्या कठड्यावर दोन चिमण्या बसल्या होत्या आणि त्यामागचा पडदा जराही हलत नव्हता. मी तसाच चालत, बोलत राहिलो. कुठे थांबायचं, ते त्याने सांगितलंच नव्हतं.