यादीत नसलेला शर्ट

आमचा प्रसन्न दोन केळी आणायची असली तरी यादी करतो. आइंडहोव्हनमध्ये चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, वय चव्वेचाळीस. सायकलला कुलपं दोन, आणि ती नीट लागली की नाही हे बघायला दुकानातून परत बाहेर येणार. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी वैतागायचंसुद्धा सोडून दिलंय.

अशा माणसाने २०१६च्या मे महिन्यात जेवताना जाहीर केलं, "मी सायकलने व्हिएन्नाला जातोय. तीन आठवडे. तंबूत राहणार."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

मला तेव्हाच खटकलं होतं. पण मग एक्सेल शीट निघाली आणि मी जरा सैल पडले. तंबू चौदाशे ग्रॅम, स्टोव्ह नव्वद ग्रॅम. मी दिलेला चिवडा त्याने तोलून अर्धा परत डब्यात ओतला. वजन वाचवायचं म्हणून या बाबाने टूथब्रशचा दांडा करवतीने कापला! यादीचा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला आणि सहा जूनला, सोमवारी सकाळी, गेला.

बुधवारी मी कपाट आवरायला घेतलं, तर त्याचा निळा फॉर्मल शर्ट नाही. काळी पँट नाही. वाकून खालच्या खणात पाहिलं, चामड्याचे बूटही नाहीत. फ्रिजवरची यादी काढून दोनदा वाचली. यातलं एकही तिच्यात नव्हतं.

टूथब्रशचा दांडा कापणारा माणूस किलोभराचे बूट कोणासाठी वाहून नेतो?

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मालिनीला फोन लावला. कॉलेजपासूनची मैत्रीण, वाटलं समजूत घालेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अलीकडे केस काळे करायला लागलाय का गं तो?"

लागला होता. महिनाभरापूर्वीच.

"हं," मालिनी म्हणाली. त्या 'हं'ने माझी झोप उडवली.

शुक्रवारी त्याचा फोटो आला. 'जर्मनीत पोचलो. चढ फार आहेत.' फोटोत तंबू, सायकल आणि मागे खांबावर हिरव्या गोलात आकडा, सदुसष्ट. असले खांब आमच्या गल्लीच्या टोकालाही आहेत. इथली माणसं नकाशा न बघता त्या आकड्यांमागून सायकली हाणतात. जर्मनीतले आकडे लाल असतात, हे खुद्द प्रसन्ननेच मला एकदा ऐकवलं होतं. फोटो बोटांनी मोठा केला. तंबूमागे कॅम्पिंगचा अर्धा फलक दिसत होता आणि त्यावर आर्नहेम लिहिलेलं होतं. म्हणजे घरापासून ट्रेनने जेमतेम सव्वा तास!

मी 'जपून राहा' एवढंच लिहून पाठवलं. राग तर आलाच होता. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त होती. सोळा वर्षांचा संसार हातून निसटत होता आणि त्याने चिवडा कमी नेला म्हणून मी रुसून बसले होते.

सोमवारी सकाळी ट्रेन पकडली, पुढे बस. कॅम्पिंगच्या ऑफिसातल्या बाईला नाव सांगितलं, तिने बोट दाखवलं.

प्रसन्न बाकावर निळा शर्ट पसरून बसला होता. अंगात बनियन, खाली सायकलची चड्डी. स्टोव्हवर तापवलेल्या पातेल्याचं बूड तो शर्टाच्या कॉलरवर फिरवत होता. मी आधी तंबूत डोकावले. आत कोणी नव्हतं.

"कोण आहे ती?" मी ओरडलेच.

"कोण ती?"

"जिच्यासाठी बूट आणलेस ती!"

त्याने पातेलं खाली ठेवलं. "माझी नोकरी गेली, वृंदा. प्रोजेक्ट बंद झाला. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर हा देश सोडावा लागेल. इथल्या एका वीजकंपनीत दोन इंटरव्ह्यू झाले, आज दोन वाजता शेवटचा."

"आणि हे घरी बसून होत नव्हतं?"

"घरी बसलो असतो तर तुला कळलं असतं."

"मग कळू द्यायचं की! बायको आहे मी तुझी!"

"चार वर्षं रोज म्हणतेस, चल पुण्याला परत. तुला सांगितलं असतं, तर..." तो बुटांकडे बघत म्हणाला, "तर तुला आनंद झाला असता. तो मला बघवला नसता."

खोटं नव्हतं ते. नोकरी गेली म्हणाला, तेव्हा क्षणभर का होईना, मला आईचं स्वयंपाकघर दिसलं होतं. त्या विचाराची लाज वाटली मला.

कॉलरकडे पाहिलं. तिचा पार चोळामोळा झाला होता, आणि पातेल्याची काजळीही थोडी लागली होती.

"आण तो इकडे," मी म्हटलं.

ऑफिसातल्या बाईकडून इस्त्री मागून घेतली. कपडे धुवायच्या खोलीत टेबल होतं. काजळी साबणाने काढली, शर्ट पसरला. प्रसन्न मागोमाग आला आणि दारात उभा राहिला.

"वृंदा," तो हळूच म्हणाला, "मुद्दाम जाळणार नाहीस ना?"

थट्टा नव्हती ती. त्याने खरंच विचारलं होतं. माझ्या हातात गरम इस्त्री होती, आणि ती कॉलरवर जरा जास्त वेळ राहिली असती तर मी दिवाळीला पुण्यात असते.

"जा, पँट घाल आधी," मी म्हटलं. कॉलर उलटी केली, पाणी शिंपडलं, आणि कडा वर येऊ नयेत म्हणून आधी आतून दाबली, मग बाहेरून.