मनमोहनरावांचा सभाभत्ता

मनमोहन तळपदे तीस वर्षं सरकारी कचेरीत साहेबांची प्रवासभत्त्याची बिलं तपासत होते. कोणा साहेबाने दोन आणे जास्त लावले की यांची लाल पेन्सिल चालायची. रात्री जेवताना तेच रंगवून सांगायचे, "मुख्यालयापासून पाच मैलांच्या आत भत्ता नाही म्हणजे नाही!" त्यांच्या पत्नी उर्मिलाबाई वाढता वाढता ऐकत असायच्या. खोताच्या वाडीत मी त्यांची भिंतीपलीकडची शेजारीण, त्यामुळे मलाही ते पाठ झालं होतं.

निवृत्त झाल्यावर पेन्शन उर्मिलाबाईंच्या हातात गेली आणि मनमोहनराव स्वतःच भत्त्यावर आले. पानाचा वेगळा, न्हाव्याचा वेगळा. महागाईभत्ता मागितला तर बाई म्हणाल्या, "बाजारात मी जाते, महागाई मला लागते. तुम्हाला कसली?" प्रवासाला मात्र कचेरीचाच नियम. ठाकुरद्वार, ग्रँट रोड, ताडदेव, सगळं पायी. खोटं कशाला बोलू, मला हसू यायचं. त्या साहेबांचे तळतळाट भोवले असणार.

त्यांची एकुलती एक मुलगी मृणालिनी, घरात सगळे तिला बेबी म्हणायचे. तिने तारखात्यातल्या जगदीशशी लग्न केलं. मुलगा शांत, हुशार, पण डिलाईल रोडच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा आणि जातीबाहेरचा. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. उर्मिलाबाईंनी फर्मान काढलं, या घरात बेबीचं नाव काढायचं नाही. मला त्यांचा तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो. पोरीने काय चोरी केली होती?

मनमोहनरावांचा जीव लेकीसाठी तुटत होता. पण डिलाईल रोड पडला पाच मैलांच्या आत, आणि नाव काढायचीही सोय नाही. अशा वेळी संयुक्त महाराष्ट्र त्यांच्या मदतीला धावला. ते सत्तावन्न साल. शिवाजी पार्कला सभा लागली की हे उर्मिलाबाईंसमोर ताठ उभे राहायचे. शिवाजी पार्क पाच मैलांपलीकडे, शिवाय मराठी माणसाचं काम! बाई मुकाट पैसे काढून द्यायच्या. हे ट्राममध्ये बसायचे, लालबागला उतरायचे आणि चालत बेबीकडे. उरलेल्या पैशांचे तिच्यासाठी पेरू. घरी आल्यावर पेपरात वाचलेली वक्त्यांची नावं घडाघडा सांगायचे.

एकदा घात झाला. पेपरात सभा एवढंच पाहिलं आणि शिवाजी पार्कच असणार असं धरून हे निघाले. सभा होती चौपाटीला. यांची पाठ वळल्यावर कर्णे थेट आमच्या वाडीच्या तोंडाशी बांधले गेले, भाषणं आमच्या आमटीत पडत होती.

मनमोहनराव परतले. उर्मिलाबाईंनी विचारलं, "कशी झाली सभा?"

"मुंगी शिरायला जागा नव्हती. शिवाजी पार्क नुसतं दणाणलं!"

"हो का? इथे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं."

मी भिंतीला कान लावला.

"कशी आहे ती?" उर्मिलाबाईंचा आवाज.

"सातवा लागलाय. तुझ्या हातचं कोलंबीचं भानोलं खावंसं वाटतंय तिला. पण तुला सांगू नका म्हणाली."

"का?"

"तू नाही म्हणालीस तर तिला सोसायचं नाही, म्हणाली."

मग उर्मिलाबाईंचं रडणं ऐकू आलं. मी कान काढून घेतला. तेवढी लाज मलाही आहे.

सकाळी त्यांच्याकडून कोलंबीचा वास आला. दुपारी दोघं बाहेर पडली, उर्मिलाबाईंच्या हातात डबा. मनमोहनरावांनी सवयीने हात पुढे केला.

"भत्ता कसला मागता? तिकिटं मी काढणार आहे."

पुढचं मला मनमोहनरावांनीच सांगितलं. बेबीने दार उघडलं. आईला पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. उर्मिलाबाईंनी डबा पुढे केला. बेबीने उंबऱ्यातच झाकण काढलं आणि उभ्या उभ्या हातानेच खायला सुरुवात केली, रडत रडत.

"अगं, बस तरी," उर्मिलाबाई म्हणाल्या. "ठसका लागेल."