एकच रक्त, दोन नावं

डोकमर्डीच्या लॅबमध्ये रक्त काढणारे गृहस्थ माझ्याच वयाचे आहेत. सुई टोचताना दरवेळी मला बजावतात, "साहेब, पाणी पीत जा." स्वतः मात्र दिवसभर चहावर असतात.

यंदा लॅबमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासाठी एसीही बसला. रक्तातले आकडे ताडून तो किडनीचा बिघाड फार आधी हेरतो आणि रिपोर्टवर पिवळी खूण करतो. गृहस्थ त्याला 'जावईबापू' म्हणतात. "एसीत बसायचं आणि लोकांच्या रक्ताला नावं ठेवायची!"

जावईबापू अंदाजपंचे ठोकून देतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून परवा त्यांनी स्वतःचंच रक्त दोन नळ्यांत भरलं. एकीवर स्वतःचं नाव लिहिलं, दुसरीवर मला न विचारता माझं. निकाल वेगवेगळे येणार, याची त्यांना खात्री होती.

दुपारी राखोलीच्या कारखान्यात मला त्यांचा फोन आला.

"साहेब, तुमच्या नावाचा रिपोर्ट मोबाइलवर येईल, पिवळ्या खुणेचा. घाबरू नका. तुमच्या किडनीला काय नाय झालं."

"मग कोणाच्या झालं?"

"जावईबापू दोन्ही वेळा तेच बोलले."

"पाणी पीत जा," मी म्हटलं.

पलीकडून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.