सोन्याच्या पट्ट्या, सुजलेले पाय

"गुरुजी, हार्ट फेल्युअर आहे," नगरचे डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "मग मी बोलतोय कसा?" हृदय बंद पडलेलं नाही, त्याचं बळ कमी झालंय, म्हणून अंगात पाणी साचतं, असं त्यांनी समजावलं. "सोबत कोण आहे?" कोणी नव्हतं.

तिथे एका नव्या यंत्राची चाचणी चालू होती. हृदयावर ताण आला की रक्तात बीएनपी नावाचं द्रव्य वाढतं. यंत्राच्या पट्टीवर सोन्याचे नॅनोकण असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. रक्ताचा थेंब टाकला की विजेचा बारीक प्रवाह बदलतो आणि यंत्र आकडा दाखवतं. मला यंत्र आणि पट्ट्यांची डबी दिली.

तिसगावला आलो आणि शहाणपणा केला. आमच्या हिचा नियम होता, वस्तू आणली की पाकिटातून स्टीलच्या डब्यात. ती जाऊन दोन वर्षं झाली, नियम मी मोडत नाही. पट्ट्या डब्यात काढल्या आणि डबा गॅसशेजारी, चहापावडरीच्या रांगेत ठेवला.

रोज सकाळी आकडा नगरच्या दवाखान्यातल्या सिस्टरला आणि पुण्याच्या लेकीला पाठवायचो. खरं सांगतो, दिवसभरात माझी चौकशी करणारं ते यंत्रच. आकडा उत्तम, म्हणजे कमी यायचा. पाय मात्र चपलेत मावेनात, आडवं झालं की दम लागायचा. मी आकड्यावर विसंबलो.

एक दिवस शेजारच्या सुमनबाई भाकरी घेऊन आल्या. "अगं बाई! गुरुजी, पाय किती सुजल्यात! कुनाला सांगितलं का न्हाई?"

"आकडा बरोबर आहे."

"जळू द्या तुमचा आकडा!" त्यांनी टेम्पो बोलावला आणि मला नगरला आणलं.

पाच दिवस पाणी उतरवायची इंजेक्शनं चालली. डब्याची हकिकत ऐकून सिस्टरनं कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, "सोन्याला काही होत नाही हो. त्याच्यावर बसवलेली, बीएनपी पकडणारी प्रथिनं वाफेनं, दमटपणानं खराब होतात, मग आकडा खोटाच कमी येतो. अजून दोन दिवस गेले असते तर..." मला लाज वाटली आणि भीतीही.

तुम्हाला असं यंत्र मिळालं तर पट्ट्या मूळ डबीतच घट्ट बंद ठेवा. आणि दम लागला तर आकडा न बघता माणसाला सांगा. सुमनबाईंचे उपकार मी फेडू शकत नाही.

काल लेकीचा फोन आला. "नाना, आकडा किती?"

"आकडा बरा आहे. मी बरा नाही. घर खायला उठतं गं."

ती म्हणाली, "नाना, फोन ठेवू नका."