विमानातून दिसणारं कापड

ती तीन कापडं आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक पांढरं, एक करडं, एक काळं. खोलीभर पसरेल एवढं प्रत्येक मोठं, आणि त्यावर नक्षी नाही, काठ नाही, एक बुट्टीसुद्धा नाही. नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडेखोर पकडले, सिंहस्थाच्या गर्दीत दिवसदिवस उभा राहिलो. तरी कुणी लक्षात राहिलेलं प्रकरण विचारलं, की मी या कापडांचं सांगतो. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. उज्जैनमध्ये कोण कुणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तेव्हा मी टी.आय. होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, आणि कापडावर ठशांनी छपाई करणाऱ्यांची वस्ती असलेलं भैरवगढ माझ्या हद्दीत होतं. देशाची दारं बाहेरच्या मालाला नुकती उघडली होती. फ्रीगंजच्या बाजारात एकेका गल्लीत दोन-दोन एसटीडी बूथ झाले होते आणि फॅक्सचं यंत्र बघायला लोक दुकानापुढे थांबत. पण त्याच दिवसांत किनाऱ्यावर चोरून उतरणाऱ्या मालाच्या बातम्याही येत. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर, तरी 'समुद्रकिनारा' हा शब्द कानावर पडला की आम्हा पोलिसांचे कान टवकारायचे.

एका सकाळी भैरवगढचा एक छपाईवाला ठाण्यात आला. दार लावून घेऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की हा शेजाऱ्याबद्दल बोलणार.

"साहब, बगलवाले चाचा आठ दिन से दिन में भी फाटक बंद रखते हैं. अंदर बहुत बड़े कपड़े रँग रहे हैं, बिना छापे के. एक मैडम आती हैं. उनके हाथ में तमंचे जैसा कुछ रहता है, उससे कपड़े पर निशाना लगाती हैं."

"और?"

"मैंने दीवार के इधर से सुना. मैडम कह रही थीं, समुंदर के किनारे बिछाना है, हवाई जहाज से साफ़ दिखना चाहिए."

मी रोजनामच्यात नोंद केली, दोन पंच बोलावले आणि जेवायचं सोडून जीप काढली. खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. किनारा, विमान, इशाऱ्याची कापडं आणि तमंचा, सगळं एका खबरीत आलं होतं. असं प्रकरण एखाद्या अधिकाऱ्याच्या वाट्याला एकदाच येतं, असं मी जीपमध्ये हवालदाराला म्हणालोसुद्धा.

चाचांचं फाटक उघडलं तेव्हा वाळलेल्या कापडांची घडी घातली जात होती. चाचा सत्तरीचे, हाताची नखं कायमची काळी पडलेली. त्यांच्या घरात तीन पिढ्या ठशांची छपाई चालत आली होती. मी पंचनामा केला आणि तिन्ही कापडं जप्त केली. हवालदाराने विचारलं, "साहब, सील कपड़े पे ही मार दूँ? पोटली बाँधने को सुतली कम है." मी मान डोलावली. ती मान डोलावली नसती तर फार बरं झालं असतं.

ठाण्यात चाचांना समोर बसवलं आणि विचारलं, हे कशासाठी?

"शामियाने का कपड़ा है, साहब."

"किसका शामियाना?"

"शादी है एक."

"शादी में काला शामियाना लगता है, चाचा?"

ते स्वतःच्या नखांकडे बघत राहिले. माझा अनुभव असा, की खोटं बोलायला सरावलेला माणूस तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. ज्याला सवय नाही तो स्वतःच्या हातांकडे बघतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण प्रकरण मोठं हवं असलं की माणूस स्वतःचाच अनुभव बाजूला ठेवतो. मी चाचांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं.

चारच्या सुमारास त्या बाई आपणहून आल्या. तिशी ओलांडलेल्या, साध्या सुती साडीत, बरोबर वडील. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, माधव नगरात राहणारे. आमच्यासारखंच मराठी घर. बाई पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सर्वेक्षण संस्थेत शास्त्रज्ञ होत्या आणि रजा घेऊन आल्या होत्या.

"साहेब, ती कापडं माझी आहेत. चाचांना का बसवून ठेवलंय? त्यांची काही गलती नाही."

"चाचा म्हणतात शामियाना आहे."

बाईंनी चमकून चाचांकडे बघितलं. चाचांनी मान वर केली नाही. दोन जबाब, दोन गोष्टी. माझा संशय आणखी पक्का झाला.

बाईंनी सगळं सांगितलं. विमानातून खाली बघणारं एक यंत्र परदेशातून थोड्या दिवसांसाठी आलं होतं. आपला डोळा वाळू बघतो तेव्हा त्याला पिवळट, काळपट एवढंच कळतं. ते यंत्र त्याच उजेडाच्या शेकडो बारीक छटा वेगळ्या करतं आणि त्यातल्या काही तर आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. त्यावरून कुठे शंख-शिंपल्यांची वाळू आहे, कुठे काळी जड वाळू, कुठे खाली चिखल आहे, कुठला किनारा खचत चाललाय, हे पायी न फिरता कळतं. पण यंत्राने मोजलेलं बरोबर आहे हे ठरवायला खाली जमिनीवर आधीच मोजून ठेवलेल्या रंगाचं काहीतरी पसरावं लागतं. त्यासाठी ही तीन कापडं. बाहेरून मागवायला वेळ नव्हता, म्हणून त्या लहानपणापासून माहीत असलेल्या भैरवगढच्या चाचांकडे आल्या होत्या.

"ओहोटी, ऊन आणि विमान, तिन्ही एकाच सकाळी जुळलंय," त्या म्हणाल्या. "आजपासून सहाव्या दिवशी. तीन दिवसांनी संध्याकाळची माझी गाडी आहे. कापडं नसली तर वरून काढलेलं सगळं चित्र बेकार. यंत्र परत जाणार. सात वर्षं मी याचीच वाट बघितलीय, साहेब."

मी म्हणालो, "चौकशी होईल." हे वाक्य आम्ही पोलीस फार सहज बोलतो. त्यांच्या संस्थेला फोन लावला, पण संध्याकाळ झाली होती, कुणी उचलला नाही. चाचांना घरी सोडलं. कापडं मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या जप्त मालाच्या कोठडीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे प्रमुख फोनवर भेटले. तासाभरात फ्रीगंजातल्या बूथवर पत्राचा फॅक्स आला. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयानेही खातरजमा केली. तरी माझं मन मानेना. बाई खऱ्या असतील, तर चाचा खोटं का बोलले? मी दोघांना समोरासमोर बसवलं.

बाईंनी खुर्ची चाचांच्या जवळ ओढली. "चाचा, मेरी सात साल की मेहनत का सवाल है. जो है सो बता दो ना."

चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "साहब, हमारे यहाँ का छापा लोग दूर-दूर से लेने आते हैं. मेरे बाप ने बिना बूटी का एक रूमाल नहीं बेचा. बिरादरी को पता चलता कि बुढ़ापे में मैं सादा कपड़ा रँग रहा हूँ, तो कहते हाथ गया इसका. बिटिया को मना नहीं कर सका. इसलिए फाटक बंद रखा. इसलिए शामियाना बोल दिया."

एवढंच होतं. फाटकाआड गुन्हा नव्हता, लाज होती. म्हातारा माणूस माझ्यासारख्या अनोळखी अधिकाऱ्यापुढे चोर ठरायला तयार होता, पण आपल्या लोकांत हात गेलेला कारागीर ठरायला तयार नव्हता. मी पोलिसांचा जुना उपाय केला आणि चहा मागवला.

चहानंतर मी बाईंना म्हणालो, तुमचा तो तमंचा दाखवा. एक पेटी, लहान संगणक, त्याला जोडलेली काळी वायर आणि वायरीच्या टोकाला खरंच पिस्तुलासारखी मूठ. भर दुपारी ठाण्याच्या अंगणात बाईंनी ती आधी एका पांढऱ्या पाटीवर धरली, मग हवालदाराच्या खाकी बाहीवर, मग कडुलिंबाच्या पानावर. दरवेळी पडद्यावर वेगळी रेघ उठायची. पानाची रेघ एका जागी अशी उंच उडाली की सगळे शिपाई पुढे सरकले. आग विझवायच्या लाल बादलीतली वाळूही त्यांनी तपासली.

"काय म्हणते आमची वाळू?" मी विचारलं.

"यात वाळू कमी आणि पानाची पिचकारीच जास्त आहे, साहेब. हे सांगायला यंत्र नाही लागत."

अख्खं ठाणं हसलं. मीही हसलो, आणि मालखान्यातून कापडं आणायला सांगितली.

करडं कापड उलगडलं आणि बाईंचा चेहरा उतरला. मधोमध लाखेचं लाल सील, बाजूला शाईचा गोल शिक्का आणि पसरलेला तेलकट डाग. हवालदाराने नखाने लाख खरवडायला सुरुवात केली, तर चाचांनी त्याचा हात धरला. बाई नळावर गेल्या, तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी लोकांना रडताना पुष्कळ पाहिलं होतं, पण माझ्या एका मान डोलावण्याने कुणी असं रडलेलं पाहिलं नव्हतं.

"पांढऱ्यावरचा डाग कडेला आहे, काळ्यावर दिसत नाही," त्या परत येऊन म्हणाल्या. "करडं गेलं. हा एक पाट, म्हणजे शिवलेली मधली एकच पट्टी बदलून चालणार नाही, त्याची छटा बाकीच्यांशी जुळणार नाही."

"सारे पाट नए करने पड़ेंगे," चाचा म्हणाले. "एक ही हौद में, एक ही घान में. काला आसान है, ये बीच का रंग जान लेता है. पाँच बार में बना था. और मेरा हौद छोटा है."

मोठा हौद भैरवगढात जवळच होता, पण ज्याने खबर दिली होती त्याच्याकडे.

मी स्वतः त्याच्याकडे गेलो. खबर देणाऱ्याचं नाव पोलीस फोडत नाही, म्हणून मी फक्त एवढंच म्हणालो, की चाचांवर आलेला संशय खोटा ठरला आणि आता सरकारी कामासाठी हौद हवा आहे. त्याने रंगात चालू असलेला आपला कापडांचा घान काढून बाजूला ठेवला, हौद धुवायला घेतला आणि चाचांना आणायला स्वतः गेला. दोघांमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही. परतले तेव्हा रंगाचं भांडं दोघांनी मिळून धरलेलं होतं.

कायद्याचं कामही होतंच. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना दिली, माल अवजड असल्याने हमीपत्र लिहून घेऊन बाईंच्या ताब्यात दिला. तपास बंद करण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला आणि त्यात चूक कुणाची, हेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवे पाट हौदातून निघाले. दोरीवर टाकले तर दोरीचा वळ उठतो, जमिनीवर टाकले तर धूळ बसते. हवालदार माझ्याकडे न बघताच पुढे झाला आणि त्याने एक टोक धरलं. दुसरं टोक मी धरलं. बघता बघता माझे आठ शिपाई दोन्ही बाजूंनी ओलं कापड ताणून उन्हात उभे राहिले. भैरवगढची निम्मी वस्ती बघायला जमली. चाचांचं फाटक सताड उघडं होतं आणि त्यांच्या बिरादरीतले लोक कापडावर हात न लावता वाकून वाकून बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "पूरे थान में एक धब्बा नहीं. ये कैसे किया?" चाचा नुसते हसले. बाईंनी कापडाच्या वीस जागा मोजल्या आणि वीसही रेघा एकीवर एक बसल्या. पाट शिवून झाले आणि त्यांना गाडी मिळाली.

दोन वर्षांनी टपालाने एक जाड अहवाल आला. पहिल्या पानावर विमानातून काढलेलं किनाऱ्याचं चित्र होतं, रंगांचे पट्टे पडलेलं, आणि त्यात तीन ठिपके: पांढरा, करडा, काळा. शेवटच्या पानावर आभार होते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या नावांनंतर चाचांचं नाव, त्यांच्या शेजाऱ्याचं नाव, आणि मग आमच्या ठाण्याच्या दहा जणांची, हवालदारापासून माझ्यापर्यंत. पुढे लिहिलं होतं, की यांनी कापड हातात धरून वाळवलं. सील कुणी लावलं, हे त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं.

अहवाल घेऊन मी भैरवगढला गेलो. चाचांना ती पानं वाचून दाखवली. मग टोपी काढली आणि म्हणालो, "चाचा, उस दिन आपको शाम तक बिठाया. ग़लती मेरी थी." नोकरीत मी गुन्ह्यांचे कबुलीजबाब शेकड्यांनी लिहून घेतले होते, स्वतः पहिल्यांदाच दिला. चाचांनी माझा हात आपल्या काळ्या नखांच्या हातात धरला आणि म्हणाले, "साहब, वो सब छोड़िए. मेरा वाला ठिकाना फिर से दिखाइए." मी चित्रातल्या त्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा बघितलं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. त्यानंतर कुठलीही वस्तू जप्त करण्याआधी मी तिच्या मालकाला विचारायचो, ही माझ्याकडे राहिली तर तुमचं काय अडेल? कायद्यात हा प्रश्न नाही. पण या एका प्रश्नाने किती शिलाई मशिनी, किती हातगाड्या, किती पोरांची परीक्षेची कागदपत्रं मालखान्यात जाता जाता वाचली, ते मी बघितलं आहे. मला पदकं मिळाली ती भिंतीवर आहेत. तो अहवाल मात्र माझ्या कपाटात आहे, आणि त्याचं शेवटचं पान उघडलं की अजून मला वाटतं, आभार त्यांनी नाही, मी मानायला हवे होते. बाई आणि चाचा, दोघांपैकी एकानेही माझ्याविरुद्ध वर अर्ज केला नाही. केला असता तर तो खरा असता. चाचा आता नाहीत. बाई कुठे असतील तिथे हे वाचतील की नाही, ठाऊक नाही. म्हणून इथेच लिहून ठेवतो: ताई, चाचा, मी तुमचा ऋणी आहे.