ओल्या फरशीवरचे टिळेकरकाका

टिळेकरकाकांची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर पंजा ठेवला तेव्हा. २००३चा हिवाळा, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका शाळेचा बंदिस्त तरणतलाव. माझी मुलगी सायली उडीच्या तयारीत आणि मी नव्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारण्याच्या.

"अहो, सप्तपदी चाललीय का?" काका शांतपणे म्हणाले. "स्टार्टला फ्लॅश मारायचा नसतो. पोरी दचकून आधीच उडी मारतात आणि बाद होतात." वर म्हणाले, "सायली डावीकडंच श्वास घेते. इथून जाताना नुसती टोपी दिसेल, येताना टिपा." पंधरा वर्षं बाप असूनही मला हे ठाऊक नव्हतं.

काका पेशानं मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर, हौसेनं संघाचे फोटोग्राफर. बाहेर बर्फ आणि आत दमट उकाडा, त्यामुळे आल्याआल्या कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. म्हणून काका तासभर आधी यायचे आणि बॅग बंद ठेवून बसायचे. त्या तासात आम्ही बाकीचे पालक एकमेकांच्या ग्रीन कार्डाची चौकशी करायचो. काका प्रत्येक मुलीचा सराव बघायचे.

सायली तेव्हा कायम शेवटची यायची. सीझनच्या शेवटच्या स्पर्धेला जाताना गाडीत म्हणाली, "आय अ‍ॅम डन, बाबा. सोमवारी कोचला सांगणार." लोकांना टोमणे मारण्यात हयात घालवलेल्या मला धीराचं एक वाक्य सुचेना. तलावावर पोचल्यावर काकांना सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

शर्यत पाचशे यार्डांची, म्हणजे तलावाच्या वीस लांब्या. बाकीच्या सगळ्या पोचल्या, तेव्हा सायलीच्या तीन उरल्या होत्या. टाळ्या सुरू झाल्या. त्या दयाळू टाळ्या, ज्या मुलांना सर्वांत जास्त बोचतात. काका ओल्या फरशीवर गुडघे टेकून तिच्याकडे लेन्स लावून बसले होते. जिंकलेल्या ऋचाची आई म्हणाली, "काका, ऋचा बाहेर आलीय, फोटो घ्या ना."

"बाहेर आलीय ना? मग ती उभी राहील. ही पोहतेय."

रविवारी काका फोटो घेऊन घरी आले. वाकडं तोंड, पाण्यावर गॉगलची एकच काच, उंच उचललेलं कोपर.

"आय लुक हॉरिबल," सायली म्हणाली.

"दिसतेसच. ही तुझी अठरावी लांबी. बाकीच्यांची अठरावी पण आणलीय, बघ."

त्यांनी टेबलावर सगळे फोटो मांडले. अठराव्या लांबीला भल्याभल्यांची कोपरं दमून पाण्याला टेकलेली होती, ऋचाचंसुद्धा. काकांनी सायलीची स्तुती केली नाही. उपमा खाल्ला आणि गेले. ती मात्र उपमा गार होईपर्यंत ते फोटो न्याहाळत राहिली. सोमवारी ती कोचला काहीच बोलली नाही, बॅग उचलून सरावाला गेली. पुढे तीन वर्षं पोहली. जिंकली कधीच नाही. एकदा शेवटून दुसरी आली, तेव्हा आम्ही श्रीखंड केलं आणि काकांना पहिली वाटी दिली.

काका आता साठ वर्षांचे झाले. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो आणि नजर अशीच तिखट राहो. आयुष्याच्या शर्यतीत मात्र त्यांनी अजिबात घाई करू नये. आम्ही सगळे पोचून, अंग पुसून बसलो, तरी काकांच्या पुष्कळ लांब्या उरलेल्या असाव्यात, आणि कोपर उंच असावं.