वकीलबाईंची खुर्ची

मागायला जायचं म्हटलं की माझी आत्या कडक इस्त्रीचे कपडे घालायची. "रडकं तोंड घेऊन गेलं की लोक पीडा टाळायला पैसे देतात," म्हणायची, "आणि पुढच्या वेळी दारच उघडत नाहीत." अपंग मुलांच्या वसतिगृहात ती शिवण शिकवायची आणि वर देणग्याही गोळा करायची. मी कॉलेजात होते, माझ्याकडे स्कूटर होती, म्हणजे मी आपोआप तिची ड्रायव्हर. काय दिवस होते ते! आता आत्या नाही. कुणी देणगीचा डबा खुळखुळवत अंगावर आला की तिची फार आठवण येते, आणि त्या डबेवाल्याचा रागही येतो.

तिची रीत ठरलेली होती. दुकानात शिरली की आधी प्यायला पाणी मागायची. "एकदा काहीतरी द्यायला उठला की माणूस दुसऱ्यांदा लवकर उठतो गं." मग वसतिगृहातल्या सगळ्या मुलांबद्दल चकार शब्द नाही. एकाच मुलाचं बोलायची, आणि तेही त्याचे प्रताप. मुलांचा आकडा सांगितला की लोक घाबरतात, म्हणायची.

त्या वर्षी ते मूल म्हणजे आमच्या वकीलबाई. अकरा वर्षांची पोर, पाय लुळे, पण जीभ अशी की स्वयंपाकीण तिच्या वाऱ्याला उभी राहायची नाही. रस्त्यापलीकडच्या शाळेनं कळवलं होतं, स्वतःची स्वतः वर्गात येऊ शकली तरच प्रवेश. म्हणजे सुट्टी संपायच्या आत चाकांची खुर्ची हवी. सगळीकडे फिरून झालं होतं. उरला होता एक कापडवाला. महाचिक्कू!

त्यानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मुलीला इथे घेऊन या. तिची अवस्था डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पैसे सोडत नाही."

संस्थेचे अध्यक्षही हेच सांगायचे, पोर समोर बसवा, डोळ्यांत पाणी आलं की पाकीट निघतं. आत्या ताडकन उठली. झालं, मला वाटलं, आता ही भांडणार आणि खुर्ची गेली.

"ती येणार नाही," आत्या म्हणाली. "बघायचंय तर तुम्ही या. शनिवारी दुपारी ती बुद्धिबळ खेळते. खेळाल तिच्याशी?"

"न खेळायला काय झालं? पण रडली तर मला बोलायचं नाही," कापडवाला म्हणाला.

आला की पठ्ठ्या! सुरुवातीला काय तो मोठेपणा, "नीट विचार कर हं बाळ." वजीर गेला तसा घाम पुसायला लागला. हळूच एक चाल मागे घ्यायला गेला, तर वकीलबाई कडाडल्या, "ओ काका, हात काढा! खेळलात ना? मग झालं!" हरला. हट्टानं दुसरा डाव मांडला, तोही हरला. तिच्या पायांकडे बघतो का, यावर मी डोळा ठेवून होते. सोंगट्यांवरून त्याची नजर हलली असेल तर शपथ.

त्याला सोडायला आम्ही फाटकापर्यंत गेलो. आत्या खुर्चीचा विषयच काढेना, आणि मी मेली आतल्या आत तळमळतेय. शेवटी तोच घसा खाकरून म्हणाला, "खुर्ची सोमवारी पाठवतो. फक्त मी दिली हे तिला सांगू नका."

"का हो? तुमचंच नाव होईल," आत्या म्हणाली.

"नाव गेलं खड्ड्यात," तो म्हणाला. "मला परत यायचंय खेळायला. तिला कळलं तर मुद्दाम हरेल ती."